आधीं वापरा, मग दाम द्या

बाजारांत आंबे घेणारा गृहस्थ पेटी उचलण्यापूर्वीं एक फोड चाखून पाहतो. कापडाच्या दुकानांत गृहिणी साडीचा पदर बोटांत धरून पोत पाहते. पुस्तकांच्या दुकानांत उभा असलेला विद्यार्थी दोन-चार पानें चाळतो आणि मगच खिशांत हात घालतो. विकणाराही या पारखीला हरकत घेत नाहीं. कारण एक फोड दिल्यानें पेटी रिकामी होत नाहीं, आणि पदर चाचपल्यानें साडी दुकानांतून जात नाहीं. थोडा माल दाखवावा, उरलेला दाम घेऊन द्यावा, ही व्यापाराची जुनी रीत आहे.

संगणकाच्या सॉफ्टवेअरनें या रीतीला एक नवाच पेंच घातला. सॉफ्टवेअर म्हणजे संगणकानें कोणतें काम कोणत्या क्रमानें करावयाचें हें सांगणारी आज्ञावली. ती बोटांनीं चाचपतां येत नाहीं आणि वरवर चाळून कळत नाहीं. हिच्यायोगें घराण्याची वंशावळ नीट मांडतां येईल काय, या खेळांत मुलांचें मन रमेल काय, परक्या भाषेचे शब्द लक्षांत राहतील काय, या प्रश्नांचीं उत्तरें ती कांहीं दिवस प्रत्यक्ष वापरल्यावांचून मिळत नाहींत. म्हणजे गिऱ्हाइकाला पारख करावयाची तर अख्खा मालच घरीं नेला पाहिजे. आणि एकदां तो घरीं गेला कीं, त्याची हुबेहूब नक्कल करण्यास कांहीं क्षण पुरतात व खर्च जवळजवळ शून्य येतो. एक फोड मागणाऱ्याच्या हवालीं सगळी आमराईच करावी, तसा हा प्रकार. हा पेंच कोणीं कसा सोडविला, आणि त्या सोडवणुकीचें पुढें काय झालें, ही हकीकत गेल्या पन्नास वर्षांतील आहे. ती जितकी यंत्रांची, तितकीच माणसांच्या परस्परविश्वासाची आहे.

१९७५ च्या जानेवारींत 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' या अमेरिकन मासिकाच्या मुखपृष्ठावर 'आल्टेअर ८८००' नांवाच्या एका लहानशा संगणकाचें चित्र झळकलें. तोंपर्यंत संगणक म्हणजे मोठ्या संस्थांच्या स्वतंत्र दालनांत बसविलेलें अवाढव्य यंत्र, अशीच सर्वसामान्य समजूत होती. न्यू मेक्सिको राज्यांतील आल्बुकर्क येथें तयार होणारा हा संगणक सुट्या भागांच्या रूपानें सुमारें ४०० डॉलरांस मिळे, आणि हौशी माणूस तो घरींच जुळवी. त्याच वर्षीं ५ मार्च रोजीं कॅलिफोर्नियांतील मेन्लो पार्क येथें एका सभासदाच्या मोटारखान्यांत अशा हौशी लोकांची पहिली बैठक भरली. 'होमब्रू कॉम्प्युटर क्लब' हें त्या मंडळाचें नांव.

नुसत्या यंत्राचा उपयोग थोडा. त्याच्याशीं माणसाला सुलभपणें व्यवहार करतां यावा म्हणून 'बेसिक' ही संगणकभाषा लागे, आणि आल्टेअरसाठीं ती बिल गेट्स, पॉल अॅलन व मॉन्टे डेव्हिडॉफ या तिघा तरुणांनीं तयार केली होती. भोकें पाडलेल्या कागदी फितीवर ती सांठविलेली असे. अशी एक फीत क्लबाच्या मंडळींच्या हातीं लागली, तिच्या नकला निघाल्या आणि त्या बैठकींत वाटल्या गेल्या. नेणाऱ्यावर अट एवढीच कीं, पुढच्या बैठकीस येतांना एकीच्या दोन करून आणाव्या! हौशी मंडळींस यांत कांहीं गैर वाटलें नाहीं. एकमेकांची युक्ति एकमेकांस सांगावी, जोडणीचे आराखडे वांटून घ्यावे, हाच त्यांचा शिरस्ता होता.

३ फेब्रुवारी १९७६ रोजीं, वयाचीं वीस वर्षें नुकतींच पुरीं केलेल्या गेट्स यांनीं हौशी संगणकवाल्यांस उद्देशून एक अनावृत पत्र लिहिलें. आल्टेअर बाळगणाऱ्यांपैकीं शेंकडा दहांहूनही कमी लोकांनीं बेसिक विकत घेतली आहे. तिच्या सिद्धतेसाठीं वापरलेल्या संगणकवेळाचें मोल ४०,००० डॉलरांहून अधिक आहे. आणि मिळालेल्या पैशांचा हिशेब केला तर तासाला दोन डॉलरही पडत नाहींत, असा त्या पत्राचा आशय होता. नक्कल करणें ही चोरी आहे, हें त्यांनीं आडपडदा न ठेवतां सांगितलें. पत्रानें पुष्कळांचा रोष ओढवून घेतला. परंतु त्यांत मांडलेला प्रश्न कोणासही टाळतां येण्याजोगा नव्हता. लिहिणाऱ्यानें वर्षभर राबावें आणि त्याच्या श्रमाचें फळ फितीफितीनें फुकट पसरावें, तर पुढचें लिखाण कोण करील?

व्यापारानें या प्रश्नाचें पहिलें उत्तर कुलूप लावून दिलें. १२ ऑगस्ट १९८१ रोजीं आय्.बी.एम्. कंपनीनें आपला वैयक्तिक संगणक जाहीर केला आणि घरांत व कचेरींत सॉफ्टवेअरची मागणी झपाट्यानें वाढली. त्या काळीं माहितीचीं टिपणें ठेवणाऱ्या 'डीबेस टू' या सॉफ्टवेअरची किंमत ६९५ डॉलर, तर लेखनाच्या 'वर्डस्टार'ची ४९५ डॉलर होती. अनेक उत्पादकांनीं आपल्या फ्लॉपींवर अशी योजना केली कीं, साध्या रीतीनें तिची नक्कल निघूं नये. परिणाम असा झाला कीं, नक्कल काढण्याच्या युक्त्या जाणणारा निर्धास्त राहिला, आणि पुरे दाम मोजणारा प्रामाणिक गिऱ्हाईक, मूळ फ्लॉपी खराब होतांच, हात चोळीत बसला. शिवाय पारखीचा प्रश्न तसाच राहिला. सीलबंद खोकें फोडून पाहिल्यावर माल गैरसोयीचा निघाला, तर दुकानदार तें सहसा परत घेत नसे.

यांतून बाहेर पडण्याची वाट दाखविली ती मूळच्या यंत्रविद्येंतल्या नसलेल्या एका माणसानें. अँड्र्यू फ्लूगलमन हे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरांत राहणारे, कायद्याचें शिक्षण घेतलेले आणि पुस्तकें सिद्ध करून प्रसिद्धीस आणणारे गृहस्थ. १९७६ सालीं त्यांनीं संपादिलेलें एक पुस्तक हारजितीपेक्षां एकत्र खेळण्याच्या आनंदाला महत्त्व देणाऱ्या खेळांविषयीं होतें. १९८२ च्या सुमारास ते एका सहलेखिकेबरोबर संगणकावरील लेखनासंबंधीं ग्रंथ लिहीत होते. दोघांचे संगणक भिन्न जातींचे. एकावरचा मजकूर दुसऱ्यावर जाईना. तेव्हां टेलिफोनच्या तारेवरून मजकूर धाडणारा एक प्रोग्रॅम त्यांनीं स्वतःच लिहून काढला आणि त्याला 'पीसी-टॉक' असें नांव दिलें.

तो प्रोग्रॅम इतरांसही उपयोगी पडण्यासारखा होता. पण प्रकाशकाकडे जावें तर खोकें, जाहिरात आणि कुलूप हीं सर्व ओघानेंच आलीं. अशा वेळीं तेथील सार्वजनिक दूरचित्रवाणी केंद्राची रीत फ्लूगलमन यांच्या मनांत भरली. तें केंद्र आपले कार्यक्रम सर्वांना फुकट दाखवी, आणि मधूनमधून विनंती करी कीं, ज्यांस ते मोलाचे वाटत असतील त्यांनीं वर्गणी पाठवावी. आपल्याकडे कीर्तन संपल्यावर आरतीचें ताट श्रोत्यांतून फिरतें. कोणी रुपया टाकतो, कोणी नुसतेच हात जोडतो. पण मंडपाच्या दाराशीं तिकीट कोणी मागत नाहीं. तोच हा न्याय. फ्लूगलमन यांनीं जाहीर केलें कीं, जो कोरी फ्लॉपी आणि टपालहंशील भरलेलें परतीचें पाकीट पाठवील, त्याला पीसी-टॉक भरून मिळेल. तो उपयोगी वाटला तर २५ डॉलर पाठवावे. आणि पैसे पाठवा अथवा न पाठवा, नकला काढून मित्रांस खुशाल द्या. या पद्धतीला त्यांनीं 'फ्रीवेअर' हें नांव देऊन तें आपलें व्यापारचिन्ह म्हणून राखून ठेवलें.

वरवर पाहतां ही उदारता दिसते. तिच्यांत व्यवहारही होता. जी नक्कल आजवर उत्पादकाची वैरीण होती, तीच या योजनेंत त्याची विक्रेती झाली. प्रत्येक नकलेबरोबर लेखकाचें नांव, पत्ता आणि विनंती नव्या घरांत पोहोंचत होती. जाहिरातीस पैसा नको, दुकानाचें भाडें नको, वाटेंत अडत्या नको. शिवाय पैसे पाठविणारा माणूस माल पुरता पारखून मगच पाठवी. तेव्हां फसवणुकीची तक्रार उरत नसे.

याच सुमारास, पहिल्याची वार्ताही नसतां, अमेरिकेच्या वायव्य टोंकाला सिअॅटलजवळ दुसरा एक मनुष्य त्याच विचाराशीं येऊन ठेपला होता. जिम नॉफ हे आय्.बी.एम्.मध्यें नोकरीस होते. आपल्या चर्चच्या मंडळींस पत्रें धाडण्यासाठीं नांवांच्या व पत्त्यांच्या चिठ्ठ्या छापाव्या, म्हणून त्यांनीं टिपणें ठेवणारा एक प्रोग्रॅम लिहिला. सहकाऱ्यांनीं तो मागून नेला. त्यांच्याकडून इतरांकडे गेला. सुधारलेली आवृत्ति प्रत्येकाला पाठवूं म्हटलें तर फ्लॉपींचा व टपालाचा खर्च खिशाला जड होऊं लागला. तेव्हां खर्चाला हातभार म्हणून वापरणाऱ्यांनीं दहा डॉलर पाठवावे, अशी विनंती त्यांनीं प्रोग्रॅममध्येंच घातली. घरांत या कल्पनेची थट्टाच झाली. कोणी आपण होऊन पैसे पाठवील, हें त्यांच्या पत्नीस पटेना. नॉफ यांची आशाही बेताचीच होती; फार तर एक नवा संगणक घेण्यापुरते पैसे जमतील, एवढीच.

दोन्ही प्रोग्रॅम हातीं आलेल्या कोणा एका वापरणाऱ्यानें हें साम्य नॉफ यांना कळविलें आणि त्यांनीं फ्लूगलमन यांच्याशीं संधान बांधलें. प्रतिस्पर्ध्याप्रमाणें भांडण्याऐवजीं दोघांनीं ठरविलें कीं, आपापल्या फ्लॉपीवर एकमेकांचा उल्लेख करावा. पीसी-टॉकशीं जुळावें म्हणून नॉफ यांच्या प्रोग्रॅमचें नांव 'पीसी-फाइल' झालें आणि विनंतीची रक्कमही २५ डॉलर ठरली. पुढें एका मासिकांत पीसी-फाइलविषयीं अनुकूल अभिप्राय आला, आणि टपालाच्या थैल्यांनीं नॉफ यांच्या घराचें तळघर भरून गेलें. १९८४ च्या उन्हाळ्यांत या प्रोग्रॅमपासून होणारी प्राप्ति नोकरीच्या पगाराच्या दसपट झाली होती, असें त्यांनींच पुढें लिहून ठेवलें आहे. त्यांनीं नोकरी सोडली. जर्मन भाषेंत त्यांच्या आडनांवाचा अर्थ गुंडी, म्हणजे इंग्रजींत बटन. म्हणून व्यवसायासाठीं त्यांनीं 'जिम बटन' हें नांव घेतलें होतें.

तिसरे बॉब वॉलेस. हे मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या अगदीं सुरुवातीच्या नोकरांपैकीं एक. १९८३ सालीं ती नोकरी सोडून त्यांनीं सिअॅटल येथें 'क्विकसॉफ्ट' ही स्वतःची कंपनी काढली आणि 'पीसी-राइट' हा लेखनाचा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. फ्लॉपी दहा डॉलरांस. ती कोणासही नक्कल करून द्यावी. ७५ डॉलर भरून जो नोंदणी करील त्याला छापील पुस्तक, सुधारणा व टेलिफोनवर मदत मिळावी. त्यांनीं एक नवी मेखही मारली. नोंदणी करणाऱ्याच्या प्रतीला एक क्रमांक मिळे. त्या प्रतीची नक्कल घेऊन दुसऱ्या कोणीं नोंदणी केली तर पहिल्याला २५ डॉलर दलाली पोहोंचे. म्हणजे आरतीच्या ताटाला आतां खातेवहीची जोड मिळाली. वॉलेस या पद्धतीला 'शेअरवेअर' म्हणत. 'फ्रीवेअर' हा शब्द व्यापारचिन्ह असल्यामुळें इतरांस वापरतां येत नव्हता. तेव्हां ह्यूस्टन येथील नेल्सन फोर्ड यांनीं १९८४ सालीं आपल्या मासिक सदरांतून वाचकांकडे सर्वमान्य नांव मागितलें. अधिक मतें 'शेअरवेअर'ला पडलीं, वॉलेस यांनीं हरकत घेतली नाहीं, आणि तेंच नांव रूढ झालें.

घरगुती हौसेच्या दृष्टीनें या पद्धतीचा सर्वांत मोठा लाभ असा कीं, ज्या कामांकडे बड्या कंपन्यांनीं ढुंकूनही पाहिलें नसतें, त्यांसाठीं सॉफ्टवेअर निर्माण झालें. १९८४ सालीं मिशिगनमधील जॉन स्टीड यांनीं वंशावळ लिहून ठेवण्यासाठीं 'ब्रदर्स कीपर' हा प्रोग्रॅम काढला. आजोबा-पणजोबांचे कागद पेटींत जपून ठेवणाऱ्या कुटुंबांस तो दुकानांतील महागड्या खोक्यांत कदाचित् कधींच मिळाला नसता. १९९० च्या सुमारास मिनेसोटांतील रॉबर्ट व्होइट यांनीं चित्रें व छायाचित्रें सुधारण्याचा 'पेंट शॉप प्रो' लिहिला. त्यांचा मूळचा व्यवसाय विमान चालविण्याचा. हौशी माणसानें हौशी माणसासाठीं करावें, असें हें काम होतें. तें पसरण्यास साधनेंही तशींच घरगुती होतीं. गांवोगांवच्या संगणक मंडळांचे सभासद एकमेकांस फ्लॉपी भरून देत. कांहीं डॉलर घेऊन फ्लॉपी टपालानें पाठविणाऱ्या सूचीवाल्यांचा धंदा उभा राहिला. आणि टेलिफोनवरून पोहोंचण्याचे 'संगणक फलक' होते, ज्यांतील पहिला १९७८ च्या फेब्रुवारींत शिकागो येथें सुरू झाला होता.

मात्र ताटांत पैसे टाकणारांपेक्षां हात जोडणारेच नेहमीं अधिक असतात. बहुसंख्य लोकांनीं प्रोग्रॅम वापरला आणि विनंती नजरेआड केली. ज्यांचा प्रोग्रॅम लाखों लोकांत पसरला त्यांस थोड्यांची वर्गणीही पुरली; परंतु लहान प्रमाणावर काम करणाऱ्यांचें त्यावर भागेना. कांहींनीं फुकट प्रतींतून छापण्याची किंवा सांठविण्याची सोय काढून टाकली. १९८७ सालीं शेअरवेअर लेखकांची जी संघटना स्थापन झाली, तिनें आरंभीं या लंगड्या प्रतींना सक्त मनाई केली. कारण लंगडा घोडा दाखवून चांगल्या घोड्याची पारख होत नाहीं, असें तिचें म्हणणें. कांहींनीं मधला मार्ग काढला. प्रोग्रॅम उघडतांच आठवण करून देणारी पाटी पुढें यावी, परंतु काम अडूं नये. रशियांतील यूजीन रोशल यांच्या 'विनरार'ची चाळीस दिवसांची मुदत जगप्रसिद्ध आहे. मुदत संपते, पाटी येते, आणि पाटी बाजूस सारली कीं प्रोग्रॅम पूर्ववत् चालतो. माणसाच्या सदसद्विवेकाला इतकी सौम्य टोंचणी व्यापाराच्या इतिहासांत क्वचितच लागली असेल!

खेळांच्या बाबतींत हा प्रश्न अधिक अवघड. पत्त्यांच्या चिठ्ठ्या रोज छापाव्या लागतात, म्हणून वापरणाऱ्याला ऋणाची आठवण राहते. खेळ एकदां खेळून संपला कीं उत्सुकता संपली, आणि तिच्याबरोबर ऋणही विसरलें. टेक्सासमधील स्कॉट मिलर यांनीं हें स्वतः अनुभवलें. त्यांच्या पहिल्या खेळांना वर्गणी फारशी आलीच नाहीं. तेव्हां १९८७ च्या सुमारास 'क्रोझ' नांवाच्या आपल्या खेळाचे त्यांनीं भाग पाडले. पहिला भाग पुरा, निर्दोष आणि फुकट. पुढचे भाग पाहिजेत तर पैसे पाठवावे. मासिकांतून क्रमशः येणाऱ्या कादंबरीच्या वाचकाला ही युक्ति समजावून सांगण्याची गरज नाहीं. पारख पुरेपूर होते, कोणतीही सोय लंगडी केलेली नसते, आणि पैसे मागण्याचा क्षण नेमका जिज्ञासा शिगेला पोहोंचल्यावर येतो.

मिलर यांच्या 'अपॉजी' कंपनीनें १४ डिसेंबर १९९० रोजीं याच रीतीनें 'कमांडर कीन' हा तीन भागांचा खेळ प्रसिद्ध केला. त्याचे कर्ते जॉन कार्मॅक, जॉन रोमेरो, टॉम हॉल आणि एड्रियन कार्मॅक हे लुइझियानांतील एका कंपनींत नोकरी करणारे तरुण. महिनाअखेरपर्यंतच्या विक्रीबद्दल त्यांच्या हातीं आलेला पहिलाच धनादेश १०,५०० डॉलरांचा होता, आणि लौकरच त्यांनीं 'इड सॉफ्टवेअर' ही स्वतःची संस्था काढली. १० डिसेंबर १९९३ रोजीं तिचा 'डूम' हा खेळ विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संगणकावर ठेवण्यांत आला, तेव्हां वाट पाहणाऱ्यांची एवढी गर्दी उसळली कीं, ठेवणारालाच आंत शिरण्यास वाट मिळेना. नऊ टप्प्यांचा पहिला भाग फुकट, पुढचे दोन विकत. फ्लूगलमन यांच्या विनंतीला दहा-अकरा वर्षेंच झालीं होतीं. पण आरतीचें ताट आतां तिकिटाच्या खिडकीजवळ सरकलें होतें. तरीही पहिला अंक सर्वांना खुला होता, आणि तो पाहून उठून जाणाऱ्याला कोणी अडवीत नसे.

भाषाशिक्षणाची गोष्ट याहून निराळी. खेळ आवडला कीं नाहीं हें तासाभरांत समजतें. भाषा आली कीं नाहीं हें समजण्यास वर्ष-दोन वर्षें लागतात. म्हणून आठवडाभराच्या चांचणींत पारख होते ती सॉफ्टवेअरच्या मोहकपणाची. त्याच्या शिकविण्याची होत नाहीं. जर्मन शास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनीं १८८५ सालींच दाखवून दिलें होतें कीं, पाठ केलेलें प्रथम झपाट्यानें आणि मग हळूहळू विसरलें जातें. पोलंडमधील पिओत्र वोझ्निआक या विद्यार्थ्यानें इंग्रजी शब्द पाठ करण्यासाठीं उजळणीचे दिवस हिशेबानें वाढवीत नेण्याची रीत बसविली आणि १९८७ सालीं तिचा 'सुपरमेमो' हा प्रोग्रॅम केला. त्याच तत्त्वावर डेमियन एल्म्स यांनीं जपानी भाषेच्या अभ्यासांतून 'अंकी' हा प्रोग्रॅम रचला आणि २००६ सालीं तो सर्वांस खुला केला. संगणकावर तो आजही फुकट आहे. लेखकाचा चरितार्थ आयफोनवरील आवृत्तीच्या विक्रीवर चालत आला. त्याला रूप नाहीं, रंग नाहीं. पहिल्या दिवशीं तो कंटाळवाणा वाटतो. त्याची किंमत शंभराव्या दिवशीं कळते.

याउलट व्हर्जिनियांत १९९२ सालीं निघालेलें 'रोझेटा स्टोन' हें चित्रांवरून भाषा शिकविणारें सॉफ्टवेअर कित्येक वर्षें शेंकडों डॉलर किंमतीच्या पिवळ्या खोक्यांतून विकलें गेलें. विमानतळांवर व बाजारसंकुलांत त्याचे लहान गाळे असत. जाणाऱ्या-येणाऱ्यानें तेथें दोन मिनिटें करून पाहावें आणि खोकें घ्यावें. दोन मिनिटांच्या ओळखीवर वर्षाचें वचन! मग २०१२ च्या जूनमध्यें लुइस फॉन आन व सेव्हेरिन हॅकर यांनीं पिट्सबर्ग येथून 'ड्युओलिंगो' सर्वांस खुलें केलें. सर्व धडे फुकट. शिकणाऱ्यांच्या हातून भाषांतरें करून घ्यावीं आणि तीं विकून खर्च भागवावा, हा मूळचा बेत. तो पुढें सोडून द्यावा लागला आणि त्याच्या जागीं जाहिराती व मासिक वर्गणी आली. फुकट शिकणाऱ्याच्या चुका मोजून धडा थांबविण्याचीही योजना आली. पैसे भरणाऱ्यास ती लागू नव्हती. ज्यांस शिक्षकाची फी परवडत नाहीं अशा असंख्य लोकांना या सॉफ्टवेअरनें परक्या भाषेचें दार उघडून दिलें, हें त्याचें श्रेय खरेंच. परंतु एक गोष्ट येथें उलटली. धड्याचीं दोन रूपें दोन गटांस दाखवावीं, कोणता गट दुसऱ्या दिवशीं अधिक संख्येनें परत येतो तें मोजावें, आणि तें रूप कायम करावें, ही अशा सॉफ्टवेअरची नित्याची पद्धत आहे. पूर्वीं घरांतला माणूस सॉफ्टवेअर पारखीत असे. आतां सॉफ्टवेअरही त्याला पारखूं लागलें.

महाराष्ट्रांतील सुशिक्षित घरांत शेअरवेअर आलें तें बहुतांशीं फ्लॉपीवरून, आणि नंतर इंग्रजी संगणक-मासिकांबरोबर येणाऱ्या तबकड्यांवरून. सर्वसामान्यांस इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ पासून मिळूं लागलें, तेंही टेलिफोनच्या तारेवरून संथपणें. पुण्या-मुंबईच्या मुलांनीं कीन व डूमचे पहिले भाग पुन्हां पुन्हां खेळले. दुसरा भाग मागवावा तर डॉलर कोठून आणावे? परदेशीं पैसे धाडणें त्या काळीं मध्यमवर्गीय कुटुंबाला सुकर नव्हतें, आणि २५ डॉलर ही रक्कमही येथील पगाराच्या मानानें लहान नव्हती. त्यामुळें विनंतीची पाटी वाचणाऱ्यांत देण्याची इच्छा असूनही देऊं न शकणारे पुष्कळ होते; आणि या अडचणीचें निमित्त करून नकललेल्या तबकड्यांची संवय जडलेलेही पुष्कळ होते. कोण कोणत्या वर्गांत मोडत होता, हें ज्याचें त्यालाच ठाऊक.

१० जुलै २००८ रोजीं अॅपल कंपनीनें भ्रमणध्वनीवरील सॉफ्टवेअरसाठीं आपलें दुकान उघडलें. पहिल्या दिवशीं तेथें सुमारें ५०० ॲप होते. २००९ च्या ऑक्टोबरांत फुकट ॲपच्या आंतही विक्री करण्यास परवानगी मिळाली, आणि खेळांचा सारा व्यवहार पालटला. दाराशीं कांहीं द्यावयाचें नाहीं, पण आंत पावलोपावलीं फेरीवाले बसलेले. मुलांनीं खेळतां खेळतां आईबापांच्या नकळत खर्च केल्याच्या तक्रारी इतक्या झाल्या कीं, २०१४ च्या जानेवारींत अमेरिकन सरकारच्या व्यापार आयोगाशीं झालेल्या समेटान्वयें अॅपलला किमान ३ कोटी २५ लक्ष डॉलर परत करण्याचें मान्य करावें लागलें. भारतांतही २०१६ पासून यूपीआयनें बोटाच्या टोंकावर पैसे देण्याची सोय केली. देणें इतकें सोपें झालें कीं, एके काळीं द्यावें कसें या विवंचनेंत पडलेल्या घरांत आतां न कळत किती गेले याचा हिशेब ठेवण्याची पाळी आली.

फ्लूगलमन यांना हें पुढचें पाहावयास मिळालें नाहीं. संगणकविषयक दोन मोठ्या मासिकांचें संपादन करीत असतां १९८५ च्या जुलैंत ते एकाएकीं बेपत्ता झाले. त्यांची मोटार सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाजवळ सांपडली. ते सांपडले नाहींत. त्या वेळीं त्यांचें वय ४१ वर्षांचें होतें. वॉलेस २००२ सालीं आणि नॉफ २०१३ सालीं निवर्तले. त्यांचे प्रोग्रॅम चालविणारे संगणकही आतां वस्तुसंग्रहालयांत गेले आहेत.

त्या तिघांच्या प्रयोगांत दोष होते. तो सर्वांचें पोट भरूं शकला नाहीं, आणि माणसाच्या सचोटीवर त्यानें टाकलेला भार कधीं कधीं फाजील ठरला. पण त्या व्यवहारांत एक नियम स्पष्ट होता. वस्तु काय आहे, ती कोणी केली आणि तिच्याबद्दल काय द्यावयाचें, हें पाटीवर लिहिलेलें असे. पारखीला अवसर मिळे, आणि निवाडा वापरणाऱ्याच्या हातीं राही. आजच्या फुकट सॉफ्टवेअरची पारख घरांत करावयाची झाली, तर हाच नियम कामास येतो. हें कोणाच्या पैशावर चालतें, पहिल्या भागानंतर काय मागितलें जाणार, आणि नको म्हणून उठून जातां येतें काय, हे तीन प्रश्न मुलांदेखत मोठ्यानें विचारावे. उत्तर समाधानकारक मिळालें आणि वस्तु खरोखर उपयोगी पडली, तर न मागतांही तिच्या कर्त्याला चार पैसे पाठवावे. नॉफ यांच्या घरचें तळघर ज्या पत्रांनीं भरलें, तीं अशाच अनोळखी घरांतून आलीं होतीं.